तीन पिना, आठ पिना

२ फेब्रुवारी १९७०. अमेरिकेतल्या सेंट लुई शहरात, फॉक्स थिएटरमध्ये ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडचा कार्यक्रम लागलेला होता आणि बँडकडे ध्वनियंत्रणाच नव्हती. दोन दिवसांपूर्वी न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांच्यावर पोलिसांची धाड पडली होती आणि त्या भानगडीत यंत्रणा मागेच अडकली होती. अखेर निरोप गेला तो इलिनॉय राज्यातल्या मारिसा नावाच्या छोट्या गावात वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या बॉब हाइल याला. याच फॉक्स थिएटरने टाकून दिलेले मोठाले जुने स्पीकर हाइलने उचलून नेले होते आणि त्यांच्याभोवती स्वतःची यंत्रणा उभी केली होती. ती घेऊन तो आला, कार्यक्रम झाला आणि बँडने त्याला पुढच्या दौऱ्यावरच बरोबर घेतलं. मग ‘द हू’ आले, जो वॉल्श आला, पीटर फ्रॅम्प्टन आला. रॉकच्या मोठ्या मैफलींना आवाज देणाऱ्या पहिल्या फळीतल्या माणसांत हाइलचं नाव कायमचं लागलं.

हाइलला हे सगळं कुठल्या कॉलेजात शिकायला मिळालं नव्हतं. १९५६ मध्ये, शाळकरी वयात, त्याने हौशी रेडिओचा परवाना काढला होता. के-नऊ-ई-आय-डी ही त्याची ओळखखूण. इलेक्ट्रॉनिक्स आपल्याला हॅम रेडिओने शिकवलं, असं तो पुढे जन्मभर सांगत राहिला. स्टुडिओ आणि रंगमंचावरची ध्वनिसामग्री एका बाजूला आणि घरातल्या टेबलावरचा रेडिओसंच दुसऱ्या बाजूला, अशा दोन जगांत तो सारख्याच सहजतेने वावरला. त्यामुळे चांगला माइक रेडिओला कसा जोडावा, हा प्रश्न समजून घ्यायचा तर सुरुवात त्याच्यापासून केलेली बरी.

हौशी रेडिओ म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या घरातून स्वतःच्या संचावर जगाशी बोलण्याचा छंद. भारतात हा परवाना केंद्र सरकारचं दळणवळण मंत्रालय देतं आणि इथल्या बहुतेक हौशींची ओळखखूण ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होते. मध्ये ना मोबाइलचा टॉवर, ना इंटरनेट. गच्चीवर ताणलेली तार, टेबलावरचा शंभर वॅटचा संच आणि वातावरणाचा वरचा थर, एवढ्यावर पुण्यातला माणूस जपानमधल्या किंवा इटलीतल्या माणसाशी बोलू शकतो. हा संच पाठवतोही आणि ऐकतोही, म्हणून त्याला ट्रान्सीव्हर म्हणतात. त्याच्याबरोबर कंपनी हातात धरायचा एक छोटा माइक देते. कुरळ्या वायरीचा, बाजूला बटण असलेला, पोलिसांच्या गाडीत दिसतो तसा.

बहुतेकांचं त्यावर वर्षानुवर्षं भागतं. पण एखाद्या दिवशी कानावर असा एक आवाज येतो की माणूस थबकतो. हजारो किलोमीटरवरचा कुणीतरी शेजारच्या खुर्चीत बसून बोलावं तसा बोलत असतो. श्वास ऐकू येतो, शब्दाची कड स्वच्छ असते, खर्जाला वजन असतं. विचारावं तर कळतं की त्याच्यापुढे रेडिओ स्टेशनवर असतो तसा माइक आहे आणि माइक व संच यांच्यामध्ये मिक्सर, इक्वलायझर, कंप्रेसर अशी सगळी पंगत बसली आहे. मग आपल्यालाही तसं हवंसं वाटतं. तसा माइक घरी येतो, आणि पहिल्याच मिनिटाला लक्षात येतं की माइकच्या वायरीच्या टोकाला तीन पिना आहेत आणि रेडिओच्या तोंडावरच्या गोल सॉकेटात आठ.

या तीन आणि आठच्या मधल्या जागेत बरंच विज्ञान आहे.

आधी आवाजाचं बघू. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या आसपास असतो, बाईचा त्याहून वर, साधारण १६५ ते २५५. हा झाला घशातला स्वर. त्याला ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ असे वेगवेगळे आकार देते ती तोंडाची पोकळी. हाइलने याच गोष्टीवर एक गंमतशीर यंत्र बनवलं होतं, त्याचं नाव टॉक बॉक्स. गिटारचा आवाज एका नळीतून वादकाच्या तोंडात सोडायचा, वादकाने गळ्यातून काही न काढता नुसती तोंडाची हालचाल करायची आणि समोरच्या माइकने ते टिपायचं. गिटार बोलू लागते! १९७६ च्या ‘फ्रॅम्प्टन कम्स अलाइव्ह’ या अल्बममधली ती बोलणारी गिटार याच यंत्रातून आलेली आहे. स्वर कुठलाही असो, तोंडाने आकार दिला की त्याची अक्षरं होतात, हे इतक्या सोप्या रीतीने दुसरं काही दाखवत नाही.

स्वर असे तोंडात घडतात, पण व्यंजनांचा मुलूख वेगळा. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची सगळी सळसळ दोन हजार हर्ट्झच्या वर, अगदी सात-आठ हजारांपर्यंत पसरलेली असते आणि तिच्यात ताकद फारच थोडी असते. आवाजातली बहुतेक ताकद खाली, खर्जाच्या बाजूला असते. शब्द ओळखू येतो तो मात्र वरच्या बाजूमुळे. बेल लॅबोरेटरीजच्या फ्रेंच आणि स्टाइनबर्ग या दोघांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक बिंदू सापडला होता. सुमारे १९०० हर्ट्झपाशी बोलणं मधोमध कापलं, तर नुसता खालचा भाग ऐकवा किंवा नुसता वरचा, ऐकणाऱ्याला सारखंच कळतं. मराठी माणसाला हे फोनवर रोज अनुभवाला येतं. ‘साठ’ म्हटलं की पलीकडचा ‘आठ?’ विचारतो. पलीकडे ‘आठ’ पोहोचलेला असतो, फक्त ‘स’ वाटेत गळलेला असतो.

हौशी रेडिओवरची वाट तर मुद्दाम अरुंद ठेवलेली असते. आज लघुलहरींवर बहुतेक बोलणं एसएसबी म्हणजे सिंगल साइडबँड या पद्धतीने होतं. साध्या एएम पद्धतीत एक वाहक लहर आणि तिच्या दोन्ही बाजूंना आवाजाच्या दोन सारख्याच प्रती जातात. अमेरिकी अभियंता जॉन कार्सन याने १९१५ च्या सुमारास दाखवून दिलं की वाहक आणि एक प्रत गाळून टाकली तरी काही बिघडत नाही. उरलेल्या एकाच प्रतीत सगळं बोलणं असतं, आणि संचाची सगळी ताकद तिलाच मिळते. या पद्धतीत आवाजाची रुंदी साधारण २४०० ते ३००० हर्ट्झ ठेवतात. २०१६ मध्ये बाजारात आलेला आणि आज जगभर टेबलाटेबलावर दिसणारा आयकॉमचा आयसी-७३०० घ्या. त्याच्या प्रक्षेपणाच्या तीन ठरावीक रुंदी आहेत: १०० ते २९००, ३०० ते २७०० आणि ५०० ते २५०० हर्ट्झ. स्टुडिओतला माइक वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू शकतो, पण त्यातलं २९०० च्या पलीकडचं सगळं या संचाच्या दारातच थांबतं.

मग महाग माइकचा उपयोग काय? इथे हाइलची गोष्ट पुन्हा हाताशी येते. रॉकचे दौरे संपवून १९८० च्या सुमारास तो हौशी रेडिओकडे परत वळला तेव्हा बँडवर, म्हणजे हौशींच्या लहरींच्या पट्ट्यावर, ऐकू येणाऱ्या आवाजांनी तो निराश झाला. घोंगडीखालून बोलल्यासारखे, खर्जाने भरलेले, धार नसलेले आवाज. संचाची शंभर वॅटची ताकद ज्या भागावर खर्च होत होती त्यातून शब्द कळतच नव्हते. त्याने आधी हौशींसाठी छोटा इक्वलायझर बनवला, मग माइकचे स्वतःचे एलिमेंट, म्हणजे माइकच्या आतला आवाज टिपणारा भाग. त्यातल्या एचसी-४ मध्ये खर्ज मुद्दाम पाडलेला आणि दोन हजार हर्ट्झच्या वरचा भाग उचललेला होता. खोलीत ऐकला तर हा आवाज कर्कश, पत्र्यासारखा. पण दूरच्या, मिणमिणत्या संपर्कात, शेकडो आवाजांच्या गर्दीत, तोच आरपार जायचा. निवांत गप्पांसाठी त्याने भरदार आवाजाचा दुसरा एलिमेंट ठेवला. एकाच माणसाच्या आवाजाची दोन कामांसाठी दोन वेगळी रूपं असू शकतात, ही गोष्ट त्याने हजारो हौशींच्या गळी उतरवली.

या बाबतीत त्याच्याही आधीची एक परंपरा आहे. ओहायोमधल्या दोन हौशींनी काढलेल्या अ‍ॅस्टॅटिक कंपनीचा डी-१०४ हा माइक १९३३ मध्ये आला. क्रोमचा चकचकीत गोल चेहरा आणि खाली दांडी, म्हणून लोक त्याला लॉलीपॉप म्हणत. आत रोशेल क्षाराचा स्फटिक. आवाजाने तो दाबला गेला की वीज निर्माण होते. त्याचाही कल वरच्या पट्टीकडे होता, त्यामुळे शब्द टोकदार यायचे. साठाहून अधिक वर्षं तो बनत राहिला. आजही एखादा जुना हौशी कपाटातून तो काढून दाखवतो तेव्हा घरातलं चांदीचं भांडं दाखवावं तसा दाखवतो.

तर स्टुडिओच्या सामग्रीचा खरा उपयोग आहे तो निवडीसाठी. आवाजाचा कोणता भाग त्या अरुंद वाटेने पाठवायचा हे माणसाच्या हातात येतं. पण ते हातात येण्याआधी वायरिंग नीट व्हावं लागतं, आणि बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळतो.

स्टुडिओच्या माइकची ती तीन पिनांची जोडणी म्हणजे एक्सएलआर. पहिली पिन शील्डची, दुसरी आणि तिसरी आवाजाची. दुसरीवर आवाज सुलट जातो, तिसरीवर उलट. वाटेत वायरीला जी घरघर चिकटते ती दोन्हींवर सारखीच चिकटते आणि पलीकडच्या टोकाला दोघांमधला फरक घेतला की ती आपोआप वजा होते. याला बॅलन्स्ड जोडणी म्हणतात. तमाशाच्या फडापासून संगीत सभेपर्यंत पन्नास पन्नास मीटर वायर ओढूनही आवाज स्वच्छ राहतो तो यामुळे. रेडिओच्या माइक सॉकेटात ही सोय बहुधा नसते. तिथे आवाजाची एक पिन आणि जमिनीची एक. उरलेल्या पिना बटणाच्या, चॅनेल वरखाली करायच्या आणि माइकला वीज पुरवायच्या.

बरं, त्या आठ पिनांचा क्रम तरी एक असावा? तोही नाही. आयकॉम आणि केनवूडमध्ये आवाज पहिल्या पिनेवर, येसूमध्ये आठव्या. बोलायचं बटण आयकॉममध्ये पाचव्या पिनेवर, केनवूडमध्ये दुसऱ्या, येसूमध्ये सहाव्या. सॉकेट दिसायला अगदी सारखं, त्यामुळे चूक हमखास होते. आयकॉमच्या दुसऱ्या पिनेवर ८ व्होल्ट असतात. केनवूडसाठी बांधलेली वायर तिथे खुपसून बटण दाबलं की ते ८ व्होल्ट नको त्या पिनेवर जाऊन आदळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत आठ पिनांचा गोल कनेक्टर मागावा आणि घरी येऊन डाख द्यायला बसावं, तर सोल्डरिंग आयर्न तापेपर्यंत संचाच्या पुस्तिकेतलं सॉकेटचं चित्र दोनदा वाचावं. चित्र सॉकेटच्या पुढून काढलंय की मागून, हेही बघावं, कारण डाख देताना कनेक्टर उलटा धरलेला असतो.

दुसरा खड्डा माइकच्या जातीचा. स्टुडिओत मुख्य दोन जाती भेटतात. डायनॅमिक माइकमध्ये चुंबक आणि तारेचं छोटं वेटोळं असतं. त्याला बाहेरून वीज लागत नाही. शुअर कंपनीचा १९६६ सालचा एसएम५८ हा त्यातला सर्वांच्या ओळखीचा, भजनी मंडळापासून निवडणूक सभेपर्यंत सगळीकडे दिसणारा. कंडेन्सर माइकला मात्र ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. तो आवाजाच्याच वायरींतून येतो, म्हणून त्याला फँटम पॉवर म्हणतात. रेडिओचा संच हे ४८ व्होल्ट देत नाही, म्हणून कंडेन्सर माइक थेट लावला तर तो मुका राहतो. मध्ये मिक्सर किंवा प्री-अ‍ॅम्प हवाच. उलट काही संच आवाजाच्या पिनेवर थोडा एकदिश दाब ठेवतात, कारण त्यांच्या स्वतःच्या माइकमधल्या इलेक्ट्रेट कॅप्सूलला तो लागतो. अशा पिनेवर डायनॅमिक माइक सरळ जोडला तर त्याच्या वेटोळ्यातून नको तो प्रवाह वाहू लागतो आणि आवाज बिघडतो. इलाज स्वस्त आहे: एक ते दहा मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर मध्ये टाकायचा. एकदिश वीज अडते, आवाज पार होतो.

तिसरा खड्डा पातळीचा, आणि नवे लोक सर्वाधिक इथेच फसतात. डायनॅमिक माइकमधून बाहेर पडणारी वीज असते दोन-चार मिलिव्होल्ट. मिक्सरमधून बाहेर पडते ती व्यावसायिक सामग्रीत सव्वा व्होल्टच्या आसपास, घरगुती सामग्रीत एक तृतीयांश व्होल्टच्या जवळ. म्हणजे माइक हा ठिबकणारा नळ आणि मिक्सर ही पूर्ण सोडलेली धार. रेडिओचं सॉकेट ठिबक घ्यायला बनवलेलं. त्यावर धार सोडली की आवाज फाटतो आणि मग मिक्सरचं बटण जवळजवळ शून्यावर आणून काम भागवलं जातं. त्याने तो फाटायचा थांबतो, पण मिक्सरची स्वतःची खरखर आवाजाच्या बरोबरीला येऊन बसते. त्यापेक्षा दोन रोधक लावावेत. दहा हजार ओहमचा एक ओळीत, शंभर ओहमचा एक जमिनीकडे. एवढ्याने पातळी शंभर पटींनी खाली येते, सव्वा व्होल्टचे बारा मिलिव्होल्ट होतात आणि मिक्सर आपल्या ऐटीत चालू शकतो. ज्या संचांच्या मागे लाइन इनपुट दिलेलं असतं तिथे तर पुढच्या माइक सॉकेटच्या वाटेला जायचंच कारण नाही.

मग घरघर. मिक्सरचं अर्थिंग एका वाटेने, संचाचं दुसऱ्या, कॉम्प्युटरचं तिसऱ्या. या सगळ्यांना ऑडिओच्या वायरींनी एकमेकांशी जोडलं की जमिनीचाच एक गोल तयार होतो आणि त्यात ५० हर्ट्झचा वीजपुरवठा गुणगुणू लागतो. स्टुडिओवाल्यांना हा रोग फार जुना. १९९५ मध्ये ध्वनी अभियंता नील मंसी याने एक प्रसिद्ध निबंध लिहून दाखवलं की दोष बहुधा यंत्रं बनवणाऱ्यांच्या हातून होतो. शील्डची पहिली पिन यंत्राच्या पत्र्याच्या पेटीला जोडायची, तर ते ती आतल्या सर्किट बोर्डावर नेतात आणि बाहेरची घाण थेट आवाजाच्या अंगणात येते. तेव्हापासून या रोगाचं नावच ‘पिन वनचा दोष’ पडलं. घरच्या घरी उपाय म्हणून मिक्सर आणि संच यांच्यामध्ये ६०० ओहमचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालावा. आवाज चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो, तांब्याचा तांब्याला स्पर्शच होत नाही. काडेपेटीएवढी ही वस्तू पुष्कळ रात्रींची झोप वाचवते.

हे सगळं झालं की माणूस समाधानाने बटण दाबतो, बोलू लागतो आणि पलीकडून उत्तर येतं की तुमचा आवाज गुरगुरतो आहे, शब्दच लागत नाहीत. स्टुडिओत कधीच न भेटणारा शत्रू आता समोर येतो: स्वतःचंच प्रक्षेपण. शंभर वॅट ५० ओहमच्या केबलमध्ये शिरतात तेव्हा तिथे सत्तर व्होल्ट असतात. माइकच्या वायरीवर दोन मिलिव्होल्ट. फरक पस्तीस हजार पटींचा. अँटेना जवळ असेल, तिचं संतुलन नीट नसेल, तर त्या सत्तरांतला एक अंशही माइकच्या वायरीवर उतरला की संपलं. प्री-अ‍ॅम्प त्याला आवाज समजून वाढवतो, संच तो पुन्हा प्रक्षेपित करतो, तो पुन्हा वायरीवर उतरतो. त्यात वायरीची लांबी घात करते. १४ मेगाहर्ट्झवर तरंगलांबी २१ मीटर, तिचा चतुर्थांश सव्वापाच मीटर. पाच मीटरची सुंदर, महागडी माइक केबल म्हणजे त्या बँडपुरती चक्क अँटेना. २८ मेगाहर्ट्झवर अडीच मीटरची केबलही तेच करते. म्हणून एखाद्याचा आवाज एका बँडवर निर्मळ आणि दुसऱ्यावर गढूळ येतो आणि तो बिचारा माइक बदलत बसतो.

इलाज म्हणजे केबल लागेल तेवढीच ठेवायची, शील्ड पेटीच्या पत्र्याला जोडायची आणि केबलचे काही वेढे योग्य जातीच्या फेराइटच्या कड्यावर घ्यायचे. कडं अडकवून एकच वेढा घेतला तर लघुलहरींवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. वेढे वाढले की रोध वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आणि सगळ्यात आधी बघायची ती अँटेना. रोग माइकमध्ये दिसतो, मूळ बहुधा गच्चीवर असतं.

एवढं पार पडलं की पुढचं काम कानाचं. माइकनंतर गेट, मग इक्वलायझर, मग कंप्रेसर, असा क्रम बरेच जण ठेवतात. गेटचं महत्त्व भारतीय घरात जास्त. डोक्यावर पंखा, बाहेर हॉर्न, स्वयंपाकघरात कुकर. कंप्रेसर हळू आवाज उचलतो, म्हणजे माणूस थांबला की पंखाही उचलतो. गेट त्या थांबण्यात दार लोटून घेतो. संवेदनशील कंडेन्सरपेक्षा तोंडाजवळ धरलेला डायनॅमिक माइक अशा खोलीत जास्त शहाणा ठरतो, आणि या छंदात बहुतेक अनुभवी लोक शेवटी तिथेच येऊन पोहोचतात. फक्त तोंड फार जवळ गेलं की एकाच दिशेने ऐकणाऱ्या माइकमध्ये खर्ज फुगतो, तो इक्वलायझरने उतरवावा लागतो. संचातला कंप्रेसर आणि बाहेरचा कंप्रेसर दोन्ही चालू ठेवणं म्हणजे इस्त्री केलेल्या कपड्यावर पुन्हा इस्त्री फिरवणं. चकाकी येते, कापड जळतं. बोलायचं बटण स्टुडिओच्या माइकला नसतंच. त्यासाठी शिलाई मशीनसारखं पायाखालचं पॅडल लावतात, हात मोकळे राहतात.

या छंदाच्या टोकाला जाऊन पोहोचलेले लोकही आहेत. तीन हजार हर्ट्झ त्यांना पुरत नाहीत. संचाचे फिल्टर रुंद करून ते चार, पाच हजारांपर्यंत आवाज नेतात. याला एन्हान्स्ड एसएसबी असं नाव आहे. ऐकायला ते खरोखर देखणं लागतं. पण पट्टा सगळ्यांचा. १४ मेगाहर्ट्झचा बँड उणापुरा ३५० किलोहर्ट्झ रुंद, त्यातही बोलण्यासाठी वापरला जातो तो एक भाग. स्पर्धेच्या शनिवार-रविवारी तिथे मुंगी शिरायला जागा नसते. शिवाय रुंदी दुप्पट केली की ऐकणाऱ्याच्या संचात शिरणारी खरखरही दुप्पट होते, म्हणजे दुबळ्या संपर्कात हा देखणा आवाज आधी बुडतो. अमेरिकेत २००३ मध्ये काहींनी सरकारच्या दूरसंचार आयोगाकडे अर्ज केला की एसएसबीची रुंदी २८०० हर्ट्झवर कायद्याने बांधून टाका. आयोगाने तो अर्ज फेटाळला. तिथला नियम आजही एवढंच म्हणतो की कामासाठी लागते त्याहून जास्त जागा कुणी व्यापू नये. आयोगाने हे हौशींच्या समजुतीवर सोडलं ते योग्यच केलं. पहाटे रिकाम्या बँडवर दोन मित्र रुंद आवाजात बोलले तर कुणाचं काही जात नाही. भरल्या बँडवर मात्र तोच आवाज शेजाऱ्याच्या अंगणात पाय टाकतो, आणि तेव्हा फिल्टर आवळणं ही साधी माणुसकी आहे. हौशी केंद्र म्हणजे काही प्रसारण केंद्र नाही, हेही विसरून चालत नाही. तिथून गाणी वाजवता येत नाहीत, कार्यक्रम करता येत नाहीत. बोलायचं असतं ते दुसऱ्या हौशीशी.

हाइलच्या हातून ध्वनीचं आणि रेडिओचं जग जुळलं, पण सभेच्या लाउडस्पीकरवाल्यांचं आणि हौशी रेडिओवाल्यांचं गूळपीठ मुंबईने त्याच्या फार आधी, आणि कितीतरी मोठ्या कारणासाठी पाहिलं होतं. १९४२ च्या छोडो भारत आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवला. त्याचा प्रक्षेपक उभारण्यात नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओतल्या जाणकाराचा हात होता. तेही अशा काळात, जेव्हा दुसरं महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशींचे परवाने थांबवले होते. आणि सामग्रीची मदत मिळाली ती शिकागो रेडिओच्या नानक मोटवाने यांची. गांधीजींच्या प्रचंड सभांना माइक आणि लाउडस्पीकर पुरवणारी कंपनी ती हीच. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला पोलिसांनी केंद्र पकडलं आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. मैदानातल्या हजारोंपर्यंत आवाज पोहोचवणारे आणि अंधारात एकट्या कानापर्यंत तो पोहोचवणारे, दोघांची हत्यारं एकाच पेटीतली आहेत, हे त्या अडीच-तीन महिन्यांनी दाखवून दिलं.

हाइलच्या बाबतीत ही देवाणघेवाण उलट्या बाजूनेही घडली. ‘ईगल्स’चा जो वॉल्श स्वतः परवानाधारक हौशी. हॅम रेडिओसाठी बनवलेले हाइलचे माइक त्याने रंगमंचावर वापरून पाहिले आणि मग हाइल पुन्हा व्यावसायिक माइक बनवण्याकडे वळला. त्याचा पीआर-४० पुढे पॉडकास्ट करणाऱ्यांचा लाडका झाला. म्हणजे आज एखादा हौशी तो माइक ‘स्टुडिओचा’ म्हणून विकत आणतो तेव्हा त्या माइकचं मूळ घर हौशी रेडिओतच असतं. क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये हाइलची यंत्रं मांडली गेली. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी तो गेला.

आणि या सगळ्या पंगतीच्या दुसऱ्या टोकाला हैदराबादच्या अशहर फरहान यांचा बिटएक्स. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी आखलेला हा एसएसबी ट्रान्सीव्हर सहज मिळणाऱ्या, स्वस्त सुट्या भागांतून घरी बांधता येतो, आणि तो जगभरातल्या हौशींनी बांधला. त्याच्यापुढे माइक म्हणून असते काही रुपयांची इलेक्ट्रेट कॅप्सूल, शेंगदाण्याएवढी. ती कॅप्सूल जुन्या पेनच्या टोपणात बसवून, योग्य अंतरावरून बोलणाऱ्या माणसाचा आवाज कित्येकदा लाखभराच्या सामग्रीपुढे बसलेल्याहून अधिक स्पष्ट येतो. कारण त्याने पातळी सांभाळलेली असते आणि पलीकडच्यांना विचारून विचारून तो सुधारलेला असतो.

पूर्वी हे विचारणं दुसऱ्याच्या सौजन्यावर अवलंबून असे. ‘आवाज कसा येतोय?’ म्हटलं की ‘उत्तम, उत्तम’ असंच उत्तर मिळे. आता नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठात एक रेडिओ रिसीव्हर इंटरनेटला जोडून ठेवलेला आहे, कुणीही तो आपल्या फोनवरून ऐकू शकतो. संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झवर युरोपची वाट उघडली की नाशिकचा किंवा ठाण्याचा हौशी एका कानाला तो लावतो, स्वतःची ओळखखूण पुकारतो, आणि सात हजार किलोमीटर जाऊन परत आलेला स्वतःचा आवाज क्षणभर उशिरा ऐकतो. खर्ज जास्त झालेला असतो. तो मिक्सरवरची २०० हर्ट्झची पट्टी थोडी खाली ओढतो, पाय पुन्हा पॅडलवर ठेवतो आणि म्हणतो, ‘साठ.’